स्किनमध्ये पोस्टडॉक करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

एमडी डर्मॅटॉलॉजी झालेली मुलंमुली आणि पुण्याच्या पाषाण-गणेशखिंड भागातल्या लॅबमध्ये पीएचडी संपत आलेली मुलंमुली, या दोघांकडून मला एकच प्रश्न येतो की स्किनमध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी किंवा एमडीनंतर लॅबमधलं संशोधन, करावा का, आणि गंमत म्हणजे दोघांच्या डोक्यातलं चित्र अगदी वेगळं असतं. डॉक्टरला वाटतं ही अजून एक फेलोशिप, लेझरच्या फेलोशिपसारखी, क्लिनिकच्या भिंतीवर लावायला एक सर्टिफिकेट वाढेल. पीएचडीवाल्याला वाटतं की आत्ता करतोय तेच करायचं, फक्त पैसे जरा बरे आणि जमलं तर देश दुसरा. दोन्ही अर्धवट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोस्टडॉकला परीक्षा नसते, सिलॅबस नसतो, पदवीदान समारंभ तर नसतोच. ही ठराविक मुदतीची नोकरी असते, साधारण दोन ते पाच वर्षं, कुणाच्या तरी लॅबमध्ये, आणि त्या लॅबच्या प्रमुखाला सगळे पीआय म्हणतात. पीएचडीत बऱ्याचदा गाईड प्रश्न देतो आणि तुम्ही उत्तर शोधता, एमडीच्या थीसिसमध्ये तर विषय आधीच्या बॅचच्या विषयाचा सख्खा भाऊ असतो, पण पोस्टडॉकमध्ये प्रश्न कुठला घ्यायचा, तो आपल्या हयातीत सुटण्यासारखा आहे का, त्याला पैसे कोण देईल आणि काहीच होत नाहीये असं दिसलं तर तो सोडायचा कधी, हे सगळं शिकायचं असतं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आणि ते कुणी वर्गात बसवून शिकवत नाही.

आपल्याकडे घोळ होतो तो फेलोशिप म्हटल्यावर. एक असते क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे डर्मॅटोसर्जरी, लेझर, हेअर ट्रान्सप्लांट वगैरे, काही महिने ते वर्षभर, हात साफ होतो, प्रॅक्टिसला उपयोगी, पण तिचा रिसर्चशी संबंध जेमतेम. दुसरी ती अमेरिकेतली 'रिसर्च इयर', जी आपली मुलं तिकडच्या रेसिडेन्सीच्या मॅचसाठी, म्हणजे स्पेशालिस्टच्या ट्रेनिंगची सीट मिळवायला, करतात, कारण डर्मॅटॉलॉजीची सीट मिळणं तिथे फार कठीण आहे आणि ओळखीच्या प्रोफेसरचं लेटर आणि चार पेपर असले तर बरं पडतं. त्यात बऱ्याचदा पगार नसतो आणि काम म्हणजे जुन्या केसपेपरमधून डेटा काढणं. वाईट काहीच नाही त्यात, हेतू स्पष्ट असेल तर करा. पण पोस्टडॉक म्हणजे तिसरी गोष्ट, आणि कुणाला मेल टाकताना यातलं आपल्याला काय हवंय हे स्वतःला तरी माहीत पाहिजे. समोरच्याला पहिल्या चार ओळीत कळतं की या माणसाला माझ्या लॅबचं काम नकोय, माझं लेटरहेड हवंय.

आता वर्षांचा हिशोब बघा. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग नीट-पीजीची तयारी, मग तीन वर्षं एमडी, ज्याचं पूर्ण नाव डर्मॅटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी आणि लेप्रसी, शिवाय सरकारी सेवेचा बॉण्ड असेल तर तो. दुसरीकडे बीएस्सी-एमएस्सीची पाच वर्षं आणि पीएचडीची पाच-सहा. दोघंही तिशीच्या आसपास पोचलेले असतात आणि घरी 'अजून शिकतोच का रे हा' सुरू झालेलं असतं. डॉक्टरने सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत एवढे पेशंट बघितलेले असतात की दारातून आत येणाऱ्या माणसाचं कोपर बघून तो सोरायसिस सांगेल, पण पिपेट हातात धरलेली असते ती फर्स्ट एमबीबीएसच्या प्रॅक्टिकलला. पीएचडीवाली फ्लो सायटोमीटरवर लाखो पेशी वेगळ्या करून दाखवेल, पण पेम्फिगसचा फोड ढिला असतो आणि लगेच फुटतो, पेम्फिगॉइडचा घट्ट असतो आणि टिकतो, हे तिने कधी डोळ्याने बघितलेलं नसतं. चांगला स्किन पोस्टडॉक म्हणजे तुम्हाला जी बाजू येत नाही ती शिकवणारी वर्षं. दोन वर्षांनंतरही तुम्ही जे घेऊन आलात त्यातच हुशार असाल तर त्या लॅबने तुमचे हात वापरले, ट्रेनिंग काही झालं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे नुसतं बोलायला नाही, स्किनच्या इतिहासात याचं झकास उदाहरण आहे. एलेन फुक्स ही बायोकेमिस्ट्रीची पीएचडी, डॉक्टर नाही. तिने एमआयटीत हॉवर्ड ग्रीनकडे पोस्टडॉक केला. हा ग्रीन म्हणजे ज्याच्या लॅबमध्ये १९७५ साली माणसाच्या त्वचेच्या पेशी, म्हणजे केराटिनोसाइट्स, लॅबमध्ये वाढवायची पद्धत बसवली गेली, खाली उंदराच्या पेशींचा थर आणि त्यावर या वाढवायच्या, ती पद्धत अजूनही वापरात आहे. फुक्सने पुढे स्वतःची लॅब काढली आणि केराटिन या प्रोटीनच्या मागे लागली, जे त्वचेच्या पेशीला आतून सांगाड्यासारखं धरून ठेवतं. तिच्या लॅबने उंदरांमध्ये केराटिन १४ चं बिघडवलेलं जीन घातलं तर पिल्लांच्या अंगावर नुसतं हाताळलं तरी फोड यायला लागले. आता प्रश्न असा की हे माणसातल्या कुठल्या आजारासारखं आहे? लॅबमध्ये कुणीच डर्मॅटॉलॉजिस्ट नाही, मग त्यांनी चक्क डर्मॅटॉलॉजीची पाठ्यपुस्तकं काढून चित्रं बघितली आणि त्यांना सापडला एपिडर्मोलिसिस बुलोसा सिंप्लेक्स, जन्मापासून जरा घासलं तरी फोड येणारा आजार. मग एमी पॅलर या लहान मुलांच्या स्किन डॉक्टरकडचे पेशंट आणि पिएर कुलोंब हा लॅबमधला पोस्टडॉक, यांनी मिळून पेशंटच्या जीनमध्ये तीच खराबी दाखवली. उंदराचा पेपर आणि पेशंटचा पेपर दोन्ही १९९१ चे. एरवी डॉक्टर आजार बघून जीन शोधत जातात, इथे जीन हातात होतं आणि आजार शोधला गेला. पॅलरसारखी डॉक्टर नसती तर उंदरावरच थांबले असते आणि फुक्सची लॅब नसती तर पॅलरच्या पेशंटना कारण कळलं नसतं.

दुसरी गोष्ट अँजेला क्रिस्टियानोची, तीही पीएचडीच. हिने फिलाडेल्फियाला जेफरसनमध्ये युनी उइट्टो या डॉक्टर-शास्त्रज्ञाच्या हाताखाली डर्मॅटॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये पोस्टडॉक केला, विषय परत फोडांचाच पण त्याचा जास्त भयंकर प्रकार, डिस्ट्रॉफिक, ज्यात कोलॅजेन ७ चं जीन बिघडलेलं असतं आणि जखमा भरतच नाहीत. मग ती कोलंबियाला गेली आणि साधारण त्याच सुमारास तिला स्वतःला चाई पडली, म्हणजे अलोपेशिया एरिआटा, डोक्यावर गोल गोल जागी केस जायला लागले. तिने त्यावरच काम सुरू केलं. २०१० मध्ये तिच्या टीमने बऱ्याच पेशंटचा डीएनए तपासून दाखवलं की कुठल्या जीन्समुळे शरीराच्याच मारेकरी टी-पेशी केसांच्या मुळांवर धावून जातात. २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं की जॅक नावाचा सिग्नल अडवला की तो हल्ला थांबतो आणि केस परत येतात. त्याच वर्षी येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एका २५ वर्षांच्या पेशंटची केस छापली, त्याला सोरायसिस होता आणि अंगावर जवळजवळ एकही केस नव्हता, त्याला टोफासिटिनिब नावाचं सांधेदुखीचं जॅक औषध दिलं तर डोक्यावर केस आले. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बॅरिसिटिनिब या दुसऱ्या जॅक औषधाला चाईच्या गंभीर प्रकारासाठी मान्यता दिली. आणि तिच्या पोस्टडॉकच्या विषयाचं म्हणाल तर त्या कोलॅजेन ७ च्या आजारावर मे २०२३ मध्ये जखमेवर लावायच्या जीन थेरपीच्या जेलला मान्यता मिळाली. म्हणजे १९९० च्या दशकातला प्रश्न आणि २०२३ चं औषध. पोस्टडॉक करणाऱ्याला या साखळीतली एखादीच कडी हाताला लागते, पूर्ण साखळी एका माणसाच्या पोस्टडॉकमध्ये कधीच बसत नाही, हे आधीच मनाशी ठरवलेलं बरं, नाहीतर तिसऱ्या वर्षी फार निराश व्हायला होतं.

रोजचं काम काय असतं? समजा विषय कोडाचा, म्हणजे अंगावर पांढरे डाग येतात त्या आजाराचा, आहे. पेशंट ओपीडीत येतो, त्याला नीट समजावून संमती घेतली जाते, लोकल भूल देऊन तीन-चार मिलिमीटरचा पंच, म्हणजे त्वचेचा छोटा गोल तुकडा, घेतला जातो, कोडाच्या कडेचा आणि शेजारच्या चांगल्या त्वचेचा. त्यातला तुकडा फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा बर्फावर ठेवलेल्या मीडियमच्या ट्यूबमध्ये, आणि मग कुणीतरी ती ट्यूब घेऊन स्टेशनजवळच्या हॉस्पिटलपासून पाषाणपर्यंत संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये निघतो. विद्यापीठ चौकात अडकलेल्या त्या माणसाला विचारा, लॅब आणि पेशंटला जोडणारा ट्रान्सलेशनल रिसर्च म्हणजे काय, तो तुम्हाला बरोब्बर सांगेल. लॅबमध्ये आल्यावर तुकडा रात्रभर डिस्पेस नावाच्या एन्झाइममध्ये फ्रिजमध्ये ठेवायचा, सकाळी वरचा थर चिमट्याने सोलून निघतो, मग ट्रिप्सिनने पेशी सुट्या करायच्या, आणि त्यातून कोडाच्या भांडणातले दोन्ही पक्ष, रंग बनवणाऱ्या मेलानोसाइट्स आणि त्यांना मारणाऱ्या टी-पेशी, वेगवेगळे करून बघायचे. हल्ली सिंगल सेल सिक्वेन्सिंगमुळे एकेका पेशीत कुठली जीन्स चालू आहेत ते वाचता येतं, पण त्यातून जो डेटा येतो तो समोर आला की कळतं, पोस्टडॉकचा निम्मा वेळ कॉम्प्युटरसमोरच जाणार. म्हणून डॉक्टर मंडळींना माझं सांगणं असतं की जायच्या आधी आर किंवा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषांतलं काहीतरी एक शिकून घ्या, स्टॅटिस्टिक्स तर हवंच, थीसिसच्या वेळी जे बाहेरून करून घेतलं होतं ते आता स्वतः करायचंय.

कोडावरून आठवलं, हे जे मारणाऱ्या टी-पेशींचं सांगितलं तेही असंच तुकड्यातुकड्याने सुटलंय, इंटरफेरॉन गॅमा हा सिग्नल, त्यामागे परत तोच जॅक, आणि जुलै २०२२ मध्ये जॅक अडवणाऱ्या रुक्सोलिटिनिब क्रीमला कोडासाठी एफडीएची मान्यता. चाई आणि कोड हे दिसायला कुठे जुळतात, पण आतली यंत्रणा बरीच जवळची निघाली, आणि हे ओपीडीत उभं राहून कधीच दिसलं नसतं.

कागदपत्रांचं काम कुणी आधी सांगत नाही. पेशंटचं काहीही घ्यायचं तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, संमतीपत्र मराठीत असावं लागतं आणि ते खरंच मराठी असावं लागतं, नाहीतर पेशंट विचारतो 'हे काय लिहिलंय' आणि आपल्यालाही वाचून कळत नाही. उंदरांसाठी वेगळी कमिटी, आणि परदेशातल्या लॅबबरोबर एकत्र काम करायचं, सॅम्पल किंवा पैसे इकडून तिकडे जायचे असतील तर आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडून परवानगी. यात महिने जातात. शहाणे लोक लॅबमध्ये रुजू व्हायच्या आधीच यातला निम्मा मसुदा लिहून ठेवतात.

आणि उंदीर. त्वचेच्या रिसर्चमध्ये उंदीर फार वापरतात पण उंदराची कातडी आपल्यासारखी नाही. त्याच्या अंगभर दाट केस, वरचा थर जेमतेम दोन-तीन पेशींचा, आणि कातडीखाली एक पातळ स्नायू असतो ज्यामुळे त्याची जखम आकसून बंद होते, आपली जखम बऱ्याच अंशी नवीन थर चढून भरते. म्हणजे जखम भरणारं एखादं औषध उंदरावर लागू पडलं याचा अर्थ ते डायबेटिसच्या पेशंटच्या पायावर लागू पडेल असा अजिबात नाही. सोरायसिसचं म्हणाल तर उंदराला सोरायसिस आपोआप होतच नाही, इमिक्विमॉड नावाचं क्रीम चोपडून त्याच्या पाठीवर सोरायसिससारखं काहीतरी आणतात. ते उपयोगी आहे, पण ते सोरायसिस नाही. हे ज्याने सोरायसिसचे शंभर पेशंट बघितलेत तो मीटिंगमध्ये बसल्या बसल्या सांगतो, आणि ज्या लॅबमध्ये असं सांगणारा कुणी नाही तिथे उंदरावरचे सुंदर पेपर निघत राहतात, पेशंटच्या हाताला काही लागत नाही.

आता आपल्याकडच्या प्रश्नांबद्दल, कारण हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुण्यातल्या कुठल्याही स्किनवाल्या डॉक्टरला विचारा, गेली दहा-बारा वर्षं सगळ्यात डोकेदुखी काय, तो म्हणेल नायटा, गजकर्ण. पूर्वी दोन आठवडे मलम लावलं की जायचा, आता महिनोन् महिने गोळ्या घेऊन परत येतो, घरात एकाला झाला की सगळ्यांना होतो, पावसाळ्यात न वाळलेले कपडे घालून ऑफिसला जाणाऱ्यांची तर रांग असते. यामागे एक बुरशी आहे, ट्रायकोफायटन इंडोटिनी, जिला हे वेगळं नाव २०२० मध्ये जपानी संशोधकांनी दिलं. हिच्या बऱ्याच नमुन्यांमध्ये एका एन्झाइमच्या जीनमध्ये बदल झालेला असतो, स्क्वालीन इपॉक्सिडेज त्याचं नाव, आणि टर्बिनाफिन हे औषध नेमकं त्यावरच काम करतं, म्हणून ते चालत नाही. भरीला आपल्याकडे मेडिकलमध्ये जाऊन स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब मागायची सवय, खाज दोन दिवसात थांबते, बुरशी मात्र आत मजेत पसरते. २०१८ मध्ये सरकारने लावायच्या स्टेरॉइड्सना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळू नये, प्रत्यक्षात काय मिळतं ते तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात बघताच. न्यूयॉर्कमध्ये या बुरशीचे दोन पेशंट सापडले तर अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने मे २०२३ मध्ये त्याचा रिपोर्ट काढला, आणि इथे एका सकाळच्या ओपीडीत त्याहून जास्त निघतील. मग सांगा, या विषयावर पोस्टडॉक करायला बोस्टनला जायची काय गरज आहे? पेशंट इथे, बुरशी इथे, सिक्वेन्सिंगची मशिनं पुण्यात आहेत, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएससारखी पेशींवर काम करणारी संस्था आहे, एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था पाषाणला आहेत. कमी आहे ती ओपीडी आणि लॅब यांच्यामधल्या माणसाची, आणि पोस्टडॉक हा तोच माणूस असू शकतो.

कुष्ठरोगाचंही तसंच. जगात दरवर्षी जे नवीन पेशंट सापडतात त्यातले निम्म्याहून जास्त भारतात असतात. हॅन्सेनने हा जंतू १८७३ मध्ये शोधला आणि आजतागायत तो लॅबच्या बशीत वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये उंदराच्या तळपायात वाढवायची पद्धत निघाली, मग १९७१ मध्ये आर्माडिलो नावाच्या खवल्यांच्या अमेरिकन प्राण्यात, आणि एकाचे दोन व्हायला त्याला साधारण बारा ते चौदा दिवस लागतात, जिथे साधा ई. कोलाय वीस मिनिटात दुप्पट होतो. २००१ मध्ये त्याचा जीनोम वाचला तेव्हा दिसलं की याची हजारच्या वर जीन्स मोडकळीला आलेली आहेत, स्वतःची कामं हा विसरलाय आणि आपल्या पेशींच्या जिवावर जगतो. असा विषय दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये घेतला तर उंदरांच्या दोन बॅचमध्येच मुदत संपेल, म्हणून मी म्हटलं की प्रश्न सुटण्यासारखा आहे का हे बघणं ही ट्रेनिंगमधली पहिली गोष्ट. इथे शहाणपण म्हणजे जंतूऐवजी पेशंटची नस का खराब होते किंवा रिअॅक्शन, म्हणजे अचानक सूज आणि दाह, का येते असा तुकडा घेणं. कोंढव्याला कुष्ठरोग्यांचं सरकारी हॉस्पिटल आहे हे पुण्यातल्या कितीतरी बायोलॉजीवाल्यांना माहीतही नाही.

पैशांचं बोलू. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राचे दर असे आहेत की पीएचडी करताना आधी ३७,००० आणि मग ४२,०००, आणि पीएचडी किंवा एमडीनंतर रिसर्च असोसिएट म्हणून ५८,००० ते ६७,०००, वर घरभाडं. शिवाय नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, पूर्वी एसईआरबी, आता एएनआरएफ, ती देते, दोन वर्षांची, वय ३५ पर्यंत, बायकांना आणि राखीव वर्गांना पाच वर्षं सूट, आणि महत्त्वाचं म्हणजे एमडी किंवा एमएस झालेलेही अर्ज करू शकतात, हे डॉक्टरांना माहीतच नसतं. डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची, रिसर्च असोसिएटशिप आहे, आयसीएमआरची पोस्टडॉक फेलोशिप आहे. हप्ते उशिरा येतात हे गृहीत धरा, तीन-चार महिन्यांचं भाडं बाजूला ठेवूनच सुरू करा. आणि डॉक्टरांसाठी खरा प्रश्न हा की बॅचमेट बाणेरला लेझर घेऊन बसलाय आणि आपण महिना साठ हजारावर पेशी मोजतोय. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. हे पैसे जातातच. ज्याच्यावर घराचा हप्ता आहे त्याने भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये.

अमेरिकेत मजेशीर गोष्ट आहे. तिथल्या डर्मॅटॉलॉजी डिपार्टमेंटना एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेकडून टी-३२ नावाची ट्रेनिंग ग्रँट मिळते, स्किनसाठी ती बहुतेक एनआयएएमएस या इन्स्टिट्यूटकडून येते, जी सांधे, स्नायू आणि त्वचा सगळं एकत्र बघते. या पैशातून पोस्टडॉकला जास्तीत जास्त तीन वर्षं पगार, शिवाय वर्ग, सेमिनार, ग्रँट लिहायचं शिक्षण. २०२४ मध्ये नव्या पोस्टडॉकचा दर वर्षाला ६१,००८ डॉलर होता. अट अशी की पहिल्या बारा महिन्यांचं देणं लागतं, म्हणजे तेवढे महिने पुढे रिसर्च किंवा शिकवण्याचं काम करायचं, त्याच ग्रँटवरचं दुसरं वर्ष केलं की ते फिटतं, आणि काहीच केलं नाही तर व्याजासकट परत द्यायचे. पण हे सगळं फक्त नागरिकांना किंवा ग्रीन कार्डवाल्यांना. आपण गेलो तर पीआयच्या स्वतःच्या ग्रँटमधून पगार, बहुतेक जे-१ व्हिसावर, जो रिसर्च स्कॉलरसाठी पाच वर्षांपर्यंत चालतो. फरक काय पडतो? टी-३२ वाल्याला शिकायला पाठवतात, ग्रँटवाल्याकडून त्या ग्रँटमध्ये लिहिलेलं काम हवं असतं. म्हणून आपण स्वतःच विचारायचं की मला तुमच्या टी-३२ च्या क्लासला बसता येईल का, बरेच पीआय हो म्हणतात, विचारलंच नाही तर कुणी बोलवत नाही. के-९९ नावाची एक ग्रँट मात्र बिगर-नागरिकांनाही मागता येत आलीये, पण पोस्टडॉकच्या पहिल्या चार वर्षांतच, त्यामुळे नियम ताजे वाचून पहिल्या दिवसापासून कॅलेंडर मांडावं लागतं.

तिथली एक पद्धत मात्र आपण उचलायला हवी. त्यांच्या डॉक्टर-संशोधकांच्या के-०८, के-२३ ग्रँटमध्ये लिहिलेलं असतं की किमान ७५ टक्के वेळ रिसर्चला राखून ठेवायचा, डिपार्टमेंटने त्या वेळात ओपीडी लावायची नाही. आपल्याकडे लेक्चरर लागला की ओपीडी, वॉर्ड, परीक्षा, मेडिकल कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या एनएमसीचं इन्स्पेक्शन, आणि रिसर्च रविवारी. राखीव वेळ नसेल तर फेलोशिपचं नाव कितीही भारी असो, काही होत नाही.

युरोपात जायचं तर मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप बघा, कुठल्याही देशाच्या माणसाला खुली, पण पीएचडी लागते आणि पीएचडीनंतरच्या वर्षांनाही मर्यादा असते, आणि मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. नुसत्या एमडीवर तिथे अडतं, जर्मनी वगैरे ठिकाणी थेट लॅबशीच बोलावं लागतं.

लॅब निवडताना देश आणि विद्यापीठाचं नाव शेवटी बघा. आधी बघा या लॅबमधून गेलेले पोस्टडॉक आता कुठे आहेत, त्यातल्या दोघांना मेल टाका, लोक मोकळेपणाने सांगतात, विशेषतः सोडून गेलेले. पीआयची ग्रँट कधी संपते ते विचारा, उद्धटपणा वाटत नाही, उलट समंजस वाटतं. पेशंटचे नमुने कुठून येतात, हॉस्पिटल त्याच आवारात आहे का, आणि तुम्ही पीएचडीवाले असाल तर आठवड्यातली एक सकाळ ओपीडीत बसू देतील का. ही शेवटची गोष्ट पुण्यातही आत्ताच करता येते, एखाद्या मेडिकल कॉलेजच्या एचओडींना साधं पत्र लिहा, कोपऱ्यात उभं राहून वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याखाली कोड कसं चमकतं, केओएच हे द्रावण टाकल्यावर नायट्याची बुरशी मायक्रोस्कोपखाली कशी दिसते एवढं बघायला कुणी नाही म्हणत नाही. माझ्या ओळखीतल्या एकीने पीएचडीच्या शेवटच्या वर्षात हे केलं आणि इंटरव्ह्यूला तिला लॅबच्या टेक्निकबद्दल कमी आणि त्या ओपीडीबद्दल जास्त प्रश्न विचारले गेले.

परत यायचं असेल तर डीबीटीची रामलिंगस्वामी री-एंट्री फेलोशिप परदेशातून येणाऱ्यांसाठीच आहे, पाच वर्षांची, आणि पुण्यात औषध कंपन्यांचे रिसर्च विभागही आहेत ज्यांना त्वचेवरची औषधं आणि बायोलॉजिक्स समजणारी माणसं लागतात. पण कुठेही गेलात तरी सोबत न्यायला प्रश्न पाहिजे. पीआयचा प्रश्न त्याच्याकडेच राहतो, तो त्याच्या ग्रँटवर लिहिलेला असतो. त्यामुळे रुजू होताना, हसत खेळत का होईना, हे बोलून घ्या की निघताना यातला कुठला भाग मी नेऊ शकते, आणि जे ठरलं ते त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवा, 'आज आपलं असं बोलणं झालं' इतकंच.